म्हशींखाली पाणकणसाचं अंथरूण: वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकासमोरच काढतात. तिथं गिऱ्हाईक आधी म्हैस बघतं, मग दूध घेतं. कासेला शेण दिसलं की ते पुढच्या म्हशीकडं वळतं. म्हणून अंथरुणावर पैसे घालायला मी मागंपुढं बघत नाही. गेल्या हिवाळ्यापासून आमच्या गोठ्यात वाळलेलं पाणकणीस, म्हणजे पाणथळीत उगवणारं लांब पानांचं उंच गवत, आहे. शिरोळ भागातला एक गट ते तोडून, वाळवून, पेंढ्या बांधून ट्रॉलीनं पोच करतो. भाताच्या पिंजरापेक्षा स्वस्त, उसाच्या पाचटापेक्षा महाग.

पाचट फुकट मिळत असताना हे कशाला, असं सगळेच विचारतात. पाचट मूत धरत नाही, ते खाली ओघळून साचतं. पानाची कड खरखरीत, सडांना ओरखडे पडतात. शिवाय त्याची जागा उसाच्या सरीत आहे, तिथं ते कुजून जमिनीला लागतं. पिंजर मऊ, पण ती वैरण. घातलं की म्हैस खाऊन मोकळी. लाकडाचा भुसा शोषतो छान, पण ओला राहिला की त्यात क्लेबसिएला जंतू वाढतात आणि कासदाहाची धास्ती.

पाणकणसाचं पान आतून पोकळ कप्प्यांचं असतं. अख्खं टाकलं तर वरच्या मेणचट सालीवरून मूत घसरतं, म्हणून कुट्टी मशीनमधून बोटभर तुकडे करून घ्या. मग ते भराभर ओढून घेतं. खाली फक्की चुना, वर वीतभर थर, आणि रोज सकाळी धारेआधी ओला भाग काढून तेवढीच भर. दुभती गाय दिवसाचे 10 ते 14 तास बसून काढते, म्हैसही रवंथाला बसतेच. खाली मऊ आणि कोरडं मिळाल्यावर आमच्या म्हशींचे सोललेले गुडघे भरून आले. वेल्समधले शेतकरी ओल्या कुरणातलं लव्हाळ्यासारखं गवत कापून हिवाळ्यात गुरांखाली घालतात, तेही याच कामासाठी.

या गटाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तोडणी. पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसात घरटी करतात, म्हणून ते दिवाळीनंतरच विळा लावतात. पाण्याच्या वर हातभर खुंट ठेवतात. पाण्याखाली कापलं तर खुंटात पाणी शिरतं, खालच्या कंदाला हवा मिळत नाही आणि बेट मरतं. कणसंही आधीच छाटून टाकतात. नाहीतर त्यांचा कापूस वाऱ्यावर उडून किटलीत पडला असता.

श्रावणात आलेली एक ट्रॉली मात्र बुरशीच्या वासाची होती. त्यांनी ती विनातक्रार परत नेली, तरी उतरवून घेण्याआधी पेंढीच्या मधोमध हात घालून बघाच. माल कुठल्या पाण्यातला, हेही विचारा. नाल्याच्या सांडपाण्यातलं पाणकणीस नको, जड धातू त्याच्यात उतरतात. पंचगंगेतली जलपर्णी तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका: तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, वाळता वाळत नाही, आणि म्हशीनं तोंड घातलं तर घाण पोटात.

उकिरड्यात पाणकणीस पिंजरापेक्षा सावकाश कुजतं. बारीक तुकडे शेणाबरोबर थरावर थर रचून महिन्याला एकदा पालटले की खत मोकळं होतं. मागणी दिवाळीआधीच नोंदवा, गंजी पत्र्याखाली उंचावर रचा; जून लागला की कोरडा माल मिळत नाही.