भागीदारी मोडल्यावर डोमेन: समजूत, लवाद, कोर्ट की नवं नाव?

फर्म मोडली आणि वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, अजून जुन्या पार्टनरच्या खात्यात असेल, तर वाटा चार आहेत. त्यांपैकी कोणती धरायची हे ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा: रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) डोमेनधारक म्हणून नाव कुणाचं आहे, आणि रजिस्ट्रारचे मेल ज्या पत्त्यावर येतात तो मेलबॉक्स कोण उघडतं. पैसे कुणी भरले, नाव कुणी सुचवलं, याच्याशी रजिस्ट्रारला देणंघेणं नसतं.

कायदा मात्र वेगळ्या बाजूने बघतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १४ नुसार फर्मच्या पैशातून घेतलेली मालमत्ता, उलट हेतू दिसत नसेल तर, फर्मचीच धरली जाते आणि गुडविलही (धंद्याच्या नावाची पत) त्यात येतं. म्हणजे डोमेन एकाच्या वैयक्तिक नावावर असलं तरी ते त्याचंच ठरत नाही. हक्क एकाकडे आणि पासवर्ड दुसऱ्याकडे, अशी बहुतेक भांडणं असतात.

समजुतीने नावावर करून घेणं

बोलणं पूर्ण तुटलं नसेल तर आमच्या मते हीच वाट आधी धरावी. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात ढकलता येतं, आणि ते बहुधा त्याच दिवशी होतं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर लॉक (ट्रान्सफर रोखणारी सेटिंग) काढून ऑथ कोड (ट्रान्सफरसाठीचा गुप्त कोड) घ्यावा लागतो. डॉट कॉमसाठी तो मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा असा नियम आहे, आणि पुढे ट्रान्सफरला साधारण तेवढेच दिवस लागतात.

इथे क्रम चुकतो. आधी मालकाचं नाव बदललं की डॉट कॉमवर ६० दिवसांचं ट्रान्सफर लॉक बसू शकतं. म्हणून आधी ट्रान्सफर, मग नाव. आणि पैसे एकाच वेळी आगाऊ देऊ नका. डोमेन तुमच्या खात्यात दिसल्यावर शेवटचा हप्ता, असं विसर्जन लेखातच (फर्म मोडल्याच्या लेखी करारात) लिहून घ्या. त्याच लेखात होस्टिंग, गूगल बिझनेस प्रोफाइलची मुख्य मालकी, सोशल मीडियाची खाती आणि जुन्या पत्त्यावर येणारे मेल किती महिने पुढे पाठवायचे, हेही यावं. पेमेंट गेटवे फर्मच्या पॅनवर असतो. तो हस्तांतरित होईल असं गृहीत धरू नका, नव्या धंद्यासाठी नवं केवायसी करा.

डोमेनचा लवाद

डोमेनचे वाद कोर्टाबाहेर मिटवण्याच्या दोन पद्धती आहेत: डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी निक्सी या डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेची आयएनडीआरपी. ऐकायला सोपं वाटतं, पण माजी पार्टनरच्या भांडणात ही वाट बहुतेकदा चुकीची ठरते. यूडीआरपीत डोमेन घेतानाही हेतू वाईट होता आणि वापरतानाही वाईट आहे, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. तुमच्याच संमतीने, फर्मसाठी पार्टनरने घेतलेल्या डोमेनबाबत पहिला भाग कसा सिद्ध करणार? अशा तक्रारी 'हा धंद्याचा वाद, कोर्टात जा' म्हणून फेटाळल्या जातात. यूडीआरपीच्या तक्रारी घेणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एक ते पाच डोमेनसाठी एकसदस्यीय पॅनेलची फी १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. जिंकलात तरी डोमेन मिळतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाई मिळत नाही. आयएनडीआरपीत नोंदणी किंवा वापर, यांपैकी एकातला वाईट हेतू पुरतो, म्हणून तिथलं दार थोडं जास्त उघडं आहे.

फर्म मोडल्यानंतर पार्टनरने तुमच्या नावाशी मिळतंजुळतं नवं डोमेन घेतलं असेल, तर मात्र लवाद खरोखर कामाचा आहे.

दिवाणी कोर्ट

जुना पार्टनर फर्मच्या नावाने ऑर्डरी घेतोय, साइटवर स्वतःचा नंबर टाकलाय, अशा वेळी मनाई हुकुमाला पर्याय नाही. फर्मचे व्यवहार पूर्ण मिटेपर्यंत दुसऱ्या पार्टनरला फर्मच्या नावाने तसाच धंदा करण्यापासून आणि फर्मची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यापासून रोखण्याचा हक्क भागीदारी अधिनियमाचं कलम ५३ देतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर. डोमेन नावाला पासिंग ऑफच्या (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धच्या) तत्त्वाने संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या निकालात मान्य केलं आहे. दाव्यात रजिस्ट्रारलाही पक्षकार करा आणि निकालापर्यंत डोमेन आहे त्या स्थितीत ठेवण्याचा आदेश मागा, नाहीतर दावा चालू असताना ते तिसऱ्याच्या नावावर जाऊ शकतं.

फर्म नोंदणीकृत नसेल तर नोंदणीशिवाय करारावरचे दावे अडवणारं त्याच अधिनियमाचं कलम ६९ आडवं येतं, पण विसर्जनाचा, हिशेबाचा किंवा विसर्जित फर्मची मालमत्ता वसूल करण्याचा दावा त्यातून वगळलेला आहे. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

नवं डोमेन

नाव फारसं रुजलेलं नसेल आणि गिऱ्हाईक फोनवरून किंवा ओळखीतून येत असेल, तर ही सगळ्यात स्वस्त वाट. पण गूगलवरची जागा सोबत नेण्यासाठी जुन्या डोमेनवर ३०१ रीडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्यावर वळवणारी सूचना) लागतो, आणि तो लावायला जुन्या डोमेनचा ताबा लागतो. गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांच्या टूलमधल्या पत्ताबदलालाही दोन्ही साइटची मालकी सिद्ध करावी लागते. जुनं मिळणारच नसेल तर शोधातलं स्थान शून्यापासून उभारण्याची तयारी ठेवा.

वाट कोणतीही असो, काही कामं आजच करा. फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, नुसत्या फाइलींतून वर्डप्रेसवरची साइट परत उभी राहत नाही. डीएनएसच्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते ठरवणाऱ्या) सगळ्या नोंदी उतरवून ठेवा, विशेषतः एमएक्स, म्हणजे मेल कुठे जावा ते सांगणारी. खातं तुमचं असेल तर जुने युजर काढून वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त ओळी) बदला, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तुटतात. सर्च कन्सोलमध्ये नाव काढलं तरी पडताळणीची टीएक्सटी नोंद (डीएनएसमधली मजकुराची ओळ) शिल्लक असेल तर जुना मालक परत येऊ शकतो.

पार्टनरचा पासवर्ड माहीत आहे म्हणून त्याच्या खात्यात शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुम्हीच अडकाल.

साइटचा कोड फ्रीलान्सरकडून लिहून घेतला असेल तर कॉपीराइट बहुधा त्याचाच असतो. लेखी हस्तांतरण करून घ्या आणि त्यात मुदत लिहा, कारण मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो.

रजिस्ट्रारकडचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर तो आधी बदला. नूतनीकरण चुकून डोमेन बंद पडलं की मेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक कुठेच येत नाही. मुदत संपलेलं डॉट कॉम रजिस्ट्रारने काढून टाकल्यावर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, तेही जास्तीची फी भरून. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येतं.