शोध लावणारी बाई: बेकरीवाली की सावजीवाली?

नागपुरात घडणारी, स्वयंपाकघराचा वास असलेली रहस्यकथा लिहायची आहे. रक्तपात कमी, गप्पा जास्त, आणि शोध लावणारी बाई पोलिसांतली नव्हे. तिला कुठे उभं करायचं? सदरमधल्या छोट्या बेकरीत, की गोळीबार चौकाकडच्या सावजी भोजनालयात?

माणसांसाठी मला सावजीच प्रिय. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं ते जेवण. एकाच बाकावर वकील आणि रिक्षावाला नाक पुसत रस्सा ओरपतात. कोणाचं कोणाशी बिनसलं, हे वाढणाऱ्या बाईला सगळ्यांआधी कळतं.

पण गुन्हा उलगडतो तो पुराव्यावर, आणि तिथे बेकरी कितीतरी पुढे आहे. सावजीत मसाला हाताच्या अंदाजाने पडतो. बेकरीत मैदा, यीस्ट, मीठ सगळं वजनाने, म्हणून ढवळाढवळ लगेच दिसते. मीठ राहिलं तर पीठ भलतंच भराभर फुगतं. शिवाय पीठ म्हणजे घड्याळच. मेच्या रात्री तासाभरात वर येणारा गोळा जानेवारीच्या पहाटे तसाच बसून राहतो. 'मी दोनलाच मळून गेलो,' म्हणणाऱ्याचं खोटं ती पातेल्यात बघूनच पकडेल!

अशा कादंबऱ्यांत पाककृतीही छापतात. सावजी मसाल्याचं प्रमाण घरं सहसा बाहेर सांगत नाहीत. केकचं मात्र ग्रॅममध्ये देता येतं.

तेव्हा बेकरीच. नाताळाच्या आधीचा आठवडा, भट्टी रात्रभर पेटलेली. सावजीवाली तिची मावशी होईल, खबरा आणणारी.