कृतज्ञता डायरी: कागद छान, आखणी फसलेली

नागपुरात बर्डीवर मिळणाऱ्या या तारीखवार डायरीचा कागद जाड आहे, शाई मागे उमटत नाही. पण ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टींच्या रोज दहा ओळी भरायच्या, तिथंच गाडी अडते. आठवड्याभरात 'आई, तब्येत, नोकरी' हेच शब्द फिरून येतात आणि डायरी कपाटात जाते. मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅककलो यांच्या २००३ च्या प्रयोगात एका गटानं आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. रविवारी रात्री तीन नोंदी पुरेत, पण नेमक्या: 'भर उन्हात मिहानमधल्या ऑफिसला निघताना काकूंनी पन्ह्याची बाटली हातात दिली.' एक नोंद ऑफिसची हवीच, आणि सोमवारी त्या सहकाऱ्याला ती तोंडानं सांगा. पगाराची तक्रार मात्र इथं दाबू नका, ती साहेबांकडेच मांडा. घ्यायचीच तर बिनतारखेची वही घ्या. एखादा आठवडा हुकला तरी कोरी पानं टोचत नाहीत.