बुलेट 350 ला कार्ब कोणता लावावा: 24, 28 की 32?

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा फिल्टर बसवला, की नजर कार्बकडे, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरकडे, जातेच. मूळचा मिककार्ब व्हीएम24 (आकडा म्हणजे तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) अचानक छोटा वाटू लागतो. मग पर्याय पुढे येतात: 500 बुलेटवरचा व्हीएम28, मिकुनीचा फ्लॅट स्लाइड (हवेची वाट उघडणारी स्लाइड चपटी असलेला) टीएम32, आणि कुणीतरी हमखास सुचवतो तो थंडरबर्डचा सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्ब.

आधी थोडा हिशेब. 24 वरून 28 म्हणजे चारच मिलिमीटर, पण तोंडाचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं. 32 घेतला तर 78 टक्क्यांनी. इंजिन मात्र तेच, 346 सीसी. पिस्टन ओढणार तेवढीच हवा. तोंड मोठं झालं की तिचा वेग पडतो आणि मंद हवा जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल नीट उचलत नाही. म्हणून 32 लावलेल्या 350 ची मूठ चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला पिळली, की गाडी आधी आवंढा गिळते, मग पळते. मोकळ्या हायवेवर हे खपतं, सिग्नलमागून सिग्नल असलेल्या शहरात दोन दिवसांत वैताग येतो. फ्लॅट स्लाइडची मूठ तल्लख असते हे खरं, पण अॅक्सिलरेटर पंप (मूठ पिळताच जादा पेट्रोल फवारणारा) नसेल तर तो तल्लखपणाच अंगाशी येतो. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवली असेल, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा) बदलला असेल, तरच 32 चा विचार करा. नुसता सायलेन्सर बदलून 32 लावणं ही हौस झाली.

माझा कौल 28 ला. तीच गोल स्लाइड, तीच रचना. 24 उघडलेल्या कुठल्याही मिस्त्रीला तो नवा नाही. फक्त मॅनिफोल्ड (कार्ब आणि हेडमधली नळी) आणि हेडचा पोर्ट जुळतो का ते बोट घालून पाहा. सांध्यावर पायरी राहिली तर मोठ्या कार्बचा फायदा तिथेच अडतो.

सीव्ही गुळगुळीत चालतो, घाईघाईत मूठ उघडली तरी सांभाळून घेतो. पण त्याची स्लाइड हवेच्या दाबावर उचलली जाते, त्यामुळे एअरबॉक्स (फिल्टरचा मूळ डबा) काढून उघडा फिल्टर लावला की तो बिथरतो. स्लाइड उचलणाऱ्या रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, बारीक चीर गेली तरी पिकअप संपला. एअरबॉक्स ठेवणार असाल तरच घ्या. केहिन पीई हा आणखी एक कार्ब, पण त्याच्या नावाने नकली माल इतका फिरतो, की खात्रीचं दुकान नसेल तर नादाला लागू नका.

आणि पैसे मोजण्याआधी 24 लाच एक संधी द्या: मेन जेट (मूठ पूर्ण उघडल्यावर पेट्रोल देणारा) एक-दोन नंबर मोठा, निडलची (स्लाइडला लटकलेल्या सुईची) क्लिप एक खाच खाली. निम्म्या गाड्यांची तहान एवढ्यावर भागते. व्हीएमचा एअर स्क्रू आत पिळला की मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. सीव्हीच्या मिक्श्चर स्क्रूचं उलटं, हे विसरून कित्येकांनी रविवार घालवलेत. जेटिंग रोज चालवता त्याच उंचीवर करा. पुण्यात नीट बसवलेली गाडी महाबळेश्वरला थोडी रिच होणारच, त्यासाठी घाटात जेट बदलत बसू नका.

पीयूसीला जाताना मात्र पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारा) आणि स्क्रू आधी तपासून घ्या. तिथे मोजणी आयडलिंगला होते, मेन जेट कितीचा आहे हे त्या यंत्राला कळतच नाही.