जहाजी टोल्यांचे घड्याळ
नौदलातून निवृत्त होऊन लहानशा गावात संसारात रमलेल्या वडिलांसाठी आम्ही जहाजी घंटेचे टोले देणारे घड्याळ घेतले. ते दर अर्ध्या तासाला एकेक टोला वाढवत, टोल्यांच्या जोड्या करत, ४ तासांच्या पाळीअखेर ८ टोले देते आणि मध्यरात्रीचे आठ टोले ऐकल्याशिवाय वडील दिवा मालवत नाहीत. पितळी घडण भक्कम आहे. उणीव एकच, पण जाणकाराला खटकणारी: ब्रिटिश नौदलाच्या परंपरेत सायंकाळी ४ ते ८ या वेळेत दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या असल्याने साडेसहाला एकच टोला पडतो; हे घड्याळ मात्र पाच देते. त्या वेळी वडील नातवाला मांडीवर घेतात आणि टेबलावर बोटाने एकदाच टकटक करून त्याला खरा टोला शिकवतात.