चोरलच्या वाटेला थार की जिम्नी?
इंदूरजवळच्या महूच्या पुढे चोरल नदीच्या काठाने गाडी घालायची, तर पहिला प्रश्न पाण्याचा. कंपनीच्या आकड्यानुसार थार 650 मिमी पाण्यातून निघते. जिम्नी मी नडगीच्या वर पाणी असेल तर घालणार नाही. गाडी कुठलीही असो, आधी काठी टेकत ओढा चालून बघायचा. मग फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर), पहिला गिअर, एकसारखा वेग. मध्येच क्लच दाबायचा नाही. एअर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळीत, पाणी शिरलं की इंजिन गेलंच.

माळव्याची काळी माती भिजली की मात्र डाव उलटतो. साधारण 1200 किलोची जिम्नी चिखलातून सुटते. जड थार रुतली, तर ट्रॅक्टर शोधत बसा.

सोबत आजी असतील, तर मागे स्वतंत्र दारं असलेली जिम्नीच बरी. भर श्रावणात ओढे भरलेले असताना मात्र, चिखलाचा धोका पत्करून, मी थारच नेईन.