दंडावरचा शुगर सेन्सर: तीन महिने, सहा सेन्सर आणि एक शिमगा

मी टाइप वन मधुमेही (शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही तो प्रकार), वयाच्या १९व्या वर्षापासून. आता ३६. गुहागरजवळ कलमांची बाग, दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं. फेब्रुवारीपासून दंडावर सेन्सर लावतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत. घेताना अलार्मवालाच मागा.

आधी तक्रारीच. चौदा दिवस चालतो म्हणतात, पण आमच्या घामाला तो चिकटा पुरत नाही. झेल्याने आंबे उतरवताना हात दिवसभर डोक्याच्या वर. तिसरा सेन्सर नवव्या दिवशी कलमाखाली पाचोळ्यात सापडला. आता वरून कापडी पट्टी मारतो. पहिल्या दिवशी आकड्यांवर विसंबू नका, बोट टोचून ताळा करा. त्याच कुशीवर झोपलात तर दाबाने खोटीच लो, म्हणजे कमी शुगर, दाखवतो. आणि आकडा रक्तातला नाही, कातडीखालच्या पाण्यातला. शुगर झपाट्याने बदलत असली की पाच-दहा मिनिटं मागेच असतो.

पण लिहायला बसलो ते शिमग्यामुळे. मुंबईहून आलेल्या चुलतभावांनी थंडाईत भांग घातली होती. मी काही साधू नाही, कॉलेजात गांजाही ओढलाय. डॉक्टरांना मात्र कधी सांगितलं नव्हतं. गांजा १९८५च्या कायद्याने गुन्हा, भांगही महाराष्ट्रात परवान्याशिवाय चालत नाही. आपणहून कोण बोलणार?

थंडाई गोड म्हणून चार युनिट जास्त घेतली, मग पालखी नाचवली. जेवण राहिलंच. इन्सुलिन पंधरा मिनिटांत कामाला लागतं. पोटातून जाणारी भांग चढायला कधी दोन तासही घेते. त्यामुळे ती चढली तेव्हा शुगर केव्हाच उताराला लागलेली. घाम, थरथर, डोकं जड, मध्येच उगाच हसू. सगळं मी भांगेच्या खात्यावर टाकलं. लो शुगरही हुबेहूब अशीच येते, हे सतरा वर्षं माहीत असून!

पडवीत आडवा झालो. रात्री २ वाजून १० मिनिटांनी फोन बोंबलला. मला ऐकू आला, पण शेजाऱ्यांकडे वाजतोय असं वाटलं. उठली आई. "रे, हा भोंगा कसला?" आकडा ५४, बाण खाली. तिने अमृतकोकम पाजलं. शेजारीच आगळाची बाटली होती. काळोखात तीच हाताला लागली असती तर मिठाचं पाणी प्यायलो असतो. पंधरा मिनिटांनी बोट टोचलं, ८१.

उलटा प्रकार एप्रिलमध्ये. पुण्याचा मित्र आला, किनाऱ्यावर गांजाचे दोन झुरके मारले. मग जी भूक लागली ती विचारू नका: फणसपोळी, तळलेले गरे, अर्धा पुडा बिस्किटं. शुगर ३१२, आलेख म्हणजे कुंभार्ली घाट. इंजेक्शन घेतलं की नाही, हेच आठवेना. सेन्सर ते सांगत नाही. इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल, म्हणजे कीटोन, तेही सांगत नाही.

चिपळूणला डॉक्टरांनी तो घाट बघून विचारलं, "त्या रात्री काय?" सांगून टाकलं. ओरडले नाहीत. म्हणाले, कोलोरॅडोत २०१४ पासून गांजा दुकानात मिळतो. तिथल्या टाइप वन रुग्णांचा अभ्यास २०१९ साली छापून आला, त्यात गांजा घेणाऱ्यांना कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लारी होण्याच्या जीवघेण्या प्रकाराचा, धोका जवळपास दुप्पट दिसला. "उलट्या सुरू झाल्या तर नशा उतरतेय म्हणून पडून राहू नकोस. कीटोन तपास, आणि वाढलेले असले तर सरळ दवाखाना गाठ." कीटोनच्या पट्ट्या गावात मिळेनात, चिपळूणहूनच आणल्या.

तेव्हापासून दोन्ही बंद आहे. पुढच्या शिमग्याचं आत्ताच कबूल करत नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो चिकट्यासाठी. बाकी अलार्म इतका कर्कश आहे की आमचा कुत्रा अजून त्याच्यावर भुंकतो.